घडीचा जुना चाकू : ना नाव, ना गाव. ओळख कशी पटवावी आणि दुरुस्ती किती करावी?

जुनीपेटी

नमस्कार. रत्नागिरीचे आमचे घर या उन्हाळ्यात आवरताना आजोबांच्या लाकडी पेटीत, दौत आणि मोडीतले काही कागद यांच्या खाली, एक घडीचा चाकू सापडला. आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते आणि १९५२ साली वारले. चाकू त्यांनी स्वतः घेतला की त्यांनाही कोणाकडून मिळाला, हे सांगू शकेल अशी आता फक्त माझी आत्या उरली आहे. तिने नव्वदी ओलांडली असून तिला हा प्रश्न सवडीने आणि तिच्या कलाने विचारावा लागेल.

बंद चाकूची लांबी ९ सेंटिमीटर आहे. एका टोकाला मोठे पाते आहे आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम ४ सेंटिमीटरचे लहान. मोठे पाते गंजाने इतके धरले आहे की उघडतच नाही. लहान उघडते, पण ते दोन्ही बाजूंना डुलते. मूठ काळी आहे आणि तिचा एका कडेचा पापुद्रा सुटू लागला आहे. मुठीच्या दोन्ही टोकांना पांढरट धातूच्या टोप्या आहेत. भिंग घेऊन पाहिले तरी कोठेही नाव, शिक्का, आकडा किंवा देश दिसत नाही.

माझे प्रश्न दोनच आहेत. नाव नसलेल्या चाकूचे मूळ शोधता येते का? आणि तो चालता करायचा असेल, तर त्याचे जुनेपण न घालवता काय करावे आणि काय टाळावे?

लोहचुंबक

प्रथम तेल, सँडपेपर, लिंबू यांपैकी काहीही लावू नका. टोप्यांना चुंबक चिकटतो का, मुठीच्या आतल्या पत्र्या पिवळ्या आहेत का आणि पाते ज्यावर फिरते त्या खिळ्याची डोकी टोप्यांवर दिसतात का, एवढे आधी पाहून सांगा. नाव पुसले जाते, पण बांधणी सहसा पुसली जात नाही.

खवचट खापर

मामलेदार कचेरीतल्या कारकुनाचा चाकू म्हणजे बहुधा सरकारी मालमत्ता असावी. सत्तर वर्षांचा दंड भरून ती जमा करावी, ही नम्र सूचना.

लोहचुंबक

खापर, विनोद सोडून सांगायचे, तर इंग्रज सरकारच्या मालावर बाणाच्या फाळासारखी खूण मारलेली असे. लष्करी चाकूंवर ती हमखास आढळते. मात्र ते चाकू दणकट असत आणि त्यांना डबा फोडण्याचे हत्यार आणि दोरांच्या गाठी सोडवण्याचा जाड सुळा असे. येथे वर्णन केलेला चाकू त्या जातीचा दिसत नाही.

निसणा

धागाकर्ते, माझ्याकडे असे वीसेक चाकू आहेत आणि त्यांतले निम्मे तरी निनावी आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

शिक्का असतो तो पात्याच्या बुडावर, म्हणजे जेथे धार संपते आणि पाते टोपीत शिरते त्या चौकोनी भागावर. नेमका तोच भाग बोटांच्या घामाने, गंजाने आणि धार लावणाऱ्यांच्या उत्साहाने झिजतो. तेव्हा भिंगापेक्षा तिरपा उजेड अधिक उपयोगी पडतो. रात्री खोलीतला दिवा मालवून बॅटरी पात्याला जवळजवळ टेकवून धरावी आणि पाते हळूहळू फिरवावे. सरळ प्रकाशात सपाट वाटणाऱ्या जागी अक्षरांच्या कडांची सावली पडते.

टोपी पांढरट असून तिला चुंबक चिकटत नसेल, तर ती जर्मन सिल्व्हरची असण्याचा संभव मोठा आहे. त्यात चांदी औषधालाही नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे. चाकूंना या टोप्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सर्रास आल्या. त्याआधीच्या साध्या चाकूंच्या टोप्या बहुतेक लोखंडी असत. पाते साध्या पोलादाचे आहे की स्टेनलेसचे, हाही काळ ठरवण्याचा एक खुंटा आहे, कारण इंग्लंडमधील चाकूंचे गाव शेफील्ड, तेथल्या हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद केले ते १९१३ साली. तुमचे पाते गंजून बसले आहे, म्हणजे ते साधे पोलाद आहे. परंतु एवढ्यावरून चाकू १९१३ पूर्वीचा ठरत नाही, कारण साध्या पोलादाचे चाकू नंतरही खूप वर्षे होत राहिले आणि आजही होतात.

काळ्या मुठीबाबत चार शक्यता आहेत. म्हशीच्या शिंगात भिंगाखाली बारीक समांतर तंतू दिसतात आणि जुने झाल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात. शिसवीसारख्या लाकडात छिद्रे दिसतात. कडक रबर जुने झाले की हिरवट तपकिरी पडते आणि चोळल्यावर त्याला गंधकाचा वास येतो. चौथा पदार्थ सेल्युलॉइड, त्याला कापराचा वास येतो. तुम्ही पापुद्र्याचा उल्लेख केला आहे, म्हणून माझे मत शिंगाकडे झुकते.

लोहचुंबक

तापलेली सुई टोचून पाहिली, तर एका क्षणात उलगडा होईल. शिंग असेल तर केस जळल्याचा वास येतो.

निसणा

लोहचुंबक, येथे मात्र मी तुमच्याशी स्पष्ट असहमत आहे. जुने सेल्युलॉइड अत्यंत ज्वालाग्राही असते आणि कुजू लागले की त्यातून आम्लाची वाफ सुटते. माझ्याकडच्या एका चाकूची पिवळी मूठ अशीच कुजली आणि त्याच डब्यात ठेवलेल्या शेजारच्या दोन चाकूंची पाती तिने खाल्ली. अशा पदार्थाला तापलेली सुई लावणे धोक्याचे आहे. आणि तो शिंग निघाला, तरी त्यावर सुईचा डाग कायम राहतो. कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके मुठीवर क्षणभर धरून वास घ्यावा, तेवढे पुरते.

जुनीपेटी

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले. टोप्यांना चुंबक चिकटत नाही. आतल्या पत्र्या पितळी असून त्यांवर हिरवा थर आहे. मुठीत तंतू स्पष्ट दिसतात आणि कापराचा वास येत नाही. एक गोष्ट मात्र चमत्कारिक वाटली. लहान पात्याच्या बाजूच्या टोपीवर खिळ्याचे नामोनिशाण नाही, ती आरशासारखी सलग आहे. मोठ्या पात्याच्या बाजूला खिळ्याचे गोल डोके स्पष्ट दिसते, आणि बोट फिरवले तर ते लागतेसुद्धा.

लीड्सकर

ही खिळ्याची गोष्ट विसरू नका, तिच्याकडे पुन्हा यावे लागेल असे वाटते. चांगला कारागीर खिळा त्याच धातूचा घेऊन, ठोकून, घासून असा बेमालूम करतो की टोपीत तो शोधूनही सापडत नाही.

माझ्या येथून शेफील्ड तासाभराच्या अंतरावर आहे. तेथील केलम आयलंड संग्रहालयात हत्यारे आणि चाकू-कात्र्या यांचा हॉली संग्रह आहे. तो पाहिल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपण ‘कंपनीचा चाकू’ म्हणतो, तेव्हा एका छपराखाली सगळे घडत असेल अशी कल्पना करतो. प्रत्यक्षात पाते घडवणारा एक, त्याला चाकावर घासणारा दुसरा आणि मूठ बसवून चाकू जुळवणारा तिसरा, असे एकेकटे किंवा दोन-चार माणसांना हाताशी धरून काम करणारे असंख्य कारागीर त्या गावात होते. त्यांना तेथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. पात्यावर नाव पडे ते बहुधा माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याचे. व्यापाऱ्याने नाव मागितले नाही, तर पाते कोरेच बाहेर पडे. तेव्हा निनावी म्हणजे हलका, असे समीकरण मांडू नये.

आणखी एक विरोधाभास. शेफील्डच्या मुठींना लागणारे म्हशीचे आणि सांबराचे शिंग मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून जाई. म्हणजे शिंग तुमच्याकडून बोटीने गेले आणि चाकू होऊन बोटीने परत आले, असेही तुमच्या बाबतीत घडलेले असू शकेल.

खवचट खापर

आणि जाण्यायेण्याचे भाडे आपणच भरले. १९०५ साली पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा हा चाकू बहुधा पोलाद जळत नाही या एकमेव कारणास्तव वाचला असावा.

मोडीवाचक

चाकू दौतीजवळ सापडला, हा तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. बोरू लिहून लिहून बोथट होतो, त्याचा चेहरा फुगतो आणि अक्षराची जाडी बिघडते, म्हणून लिहिणाऱ्याच्या हाताशी तो तासण्याचा चाकू सदैव लागे. आपल्याकडे त्याला ‘कलमतराश’ असा जुना फारसी शब्द आहे, आणि इंग्रजांचा ‘पेननाइफ’ हाही मुळात पिसाची लेखणी तासण्याचाच चाकू. टाक आणि निबा आल्यावर त्याचे मूळ काम संपले, तरी नाव आणि लहान पाते टिकून राहिले.

लहान पात्याची धार पाहावी. बोरू तासणारा माणूस टोकाजवळचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर भागच सतत वापरतो, त्यामुळे तेथे पाते किंचित खोलगट झिजते. भाजी-फळे कापणाऱ्याची झीज पोटाकडे असते.

चकाचक

इतका खल कशासाठी, हे मला समजले नाही. कोणत्याही पॉलिशवाल्याकडे बफिंगच्या चाकावर दहा मिनिटे धरला, तर चाकू नव्यासारखा होईल. माझ्या काकांचा चाकू मी तसाच करून घेतला आणि तो आता आरशासारखा दिसतो.

निसणा

चकाचक, तो नव्यासारखा होतो हीच अडचण आहे. बफिंगच्या चाकाने कडा गोल होतात, उरलासुरला शिक्का जातो आणि पाते तापले तर पोलादाचे पाणी उतरते, मग धार टिकत नाही. शिंगाची मूठ त्या उष्णतेने वाकडी होते ती निराळीच. तुमच्या काकांच्या चाकूवर नाव होते का, आणि असल्यास आता आहे का, एवढे पाहून कळवावे.

चकाचक

पाहिले. ‘आता’ नाही. पूर्वी होते का, हे विचारायला काका नाहीत.

सुगरण

माझी चूक येथे नोंदवून ठेवते, म्हणजे दुसरे कोणी ती करणार नाही. सासऱ्यांच्या चाकूच्या पितळी पत्र्या उजळाव्यात म्हणून मी तो रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवला. पितळ लखलखीत झाले, परंतु पाते काळे-निळे पडले आणि त्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले. वास्तविक मला हे कळायला हवे होते, कारण केळफूल किंवा कैरी चिरल्यावर जुनी विळी कशी काळी पडते हे मी रोज पाहते.

निसणा

ताई, कैरीने येणारा तो काळा-निळा थर वाईट नसतो, तो पोलादाला थोडेफार संरक्षण देतो. वाईट असतो तो लाल, भुसभुशीत गंज. काळे राहू द्यावे आणि लाल काढावे, असा माझा हिशेब आहे. व्हिनेगर, लिंबू आणि चिंच काळ्यात आणि लालात भेद करत नाहीत.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मोठे पाते पकडीने ओढू नये. नखाची खाच, म्हणजे पाते उघडायला नख अडकवतात ती खोबण, तेथेच तुटते. शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब सांध्यात सोडावा, चाकू उभा ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक थेंब सोडावा. तेलात बुडवू नये आणि तापवू तर मुळीच नये, कारण शिंग तेलही पिते आणि उष्णतेने पीळही खाते. पाते केसभर हलले की थांबावे, तितकेच मागे-पुढे करावे, बाहेर येणारा काळा चिखल बांबूच्या काडीने आणि फडक्याने टिपावा आणि पुन्हा तेल सोडावे. लाल गंजासाठी सर्वांत बारीक स्टील वूल तेलात भिजवून पात्याच्या लांबीच्या दिशेने चालवावे, आडवे नव्हे. घट्ट खपली असेल तर तांब्याच्या नाण्याच्या कडेने खरवडावी. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा उठत नाही.

लहान पाते आडवे डुलते, म्हणजे खिळा सैल झाला आहे. उभे डुलले असते, म्हणजे उघडल्यावर वर-खाली हलले असते, तर कमानीचे, म्हणजे पात्याला ताण देणाऱ्या पाठीच्या पट्टीचे, टोक किंवा पात्याचे बूड झिजले असा अर्थ झाला असता, आणि ते दुरुस्त करणे फार अवघड असते. सैल खिळा टोपी ऐरणीवर टेकवून हलक्या हातोडीने घट्ट करता येतो, पण एक ठोका जास्त पडला तर पाते जाम होते, आणि ठोका शेजारच्या शिंगावर पडला तर मूठ फुटते. बोरूपुरता चाकू चालणार असेल, तर मी ते डुलणे तसेच ठेवीन.

गोडे तेल

आमच्या घरी सुऱ्यांना, अडकित्त्याला, कुलपांना पिढ्यान्‌पिढ्या खोबरेल लावत आले आहेत. शिलाई यंत्राचे तेल कशाला विकत आणायचे?

लोहचुंबक

खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते, पुढे खवट होते आणि त्यातली आम्ले पितळेवर हिरवा थर धरतात. धागाकर्त्यांच्या पत्र्यांवरचा हिरवा थर बहुधा अशाच प्रेमातून आलेला असावा. अडकित्ता रोज वापरात असतो, त्याला चालून जाते. सत्तर वर्षे पेटीत पडणाऱ्या चाकूला नाही चालत.

मुठीवर मात्र मेण लावावे, आणि पापुद्रा सुटलेल्या जागी ते हलकेच जिरवावे. शिंगाला कीडही लागते. कडेला अर्धगोल कुरतडल्यासारखे दिसले, तर ते उंदराचे नव्हे, किड्याचे काम समजावे. आणि चाकू चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नये, कमावलेल्या चामड्यातली द्रव्ये कोकणातल्या दमट हवेत पोलाद आणि पितळ दोन्ही खातात.

पलीकडचा

मी न्यू जर्सीत असतो. येथे अशा चाकूंचे संग्राहक पुष्कळ आहेत. डिसेंबरात पुण्याला येणार आहे, धागाकर्त्यांची इच्छा असल्यास सोबत आणून दाखवता येईल.

काळा डगला

सद्हेतूने विचारलेले असले, तरी घाई करू नये. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर किंवा अधिक वर्षे जुनी आणि ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्व असलेली वस्तू पुरावशेषात मोडू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. साधा चाकू त्यात बसेल का, हा वादाचा मुद्दा आहे, पण तो वाद विमानतळावर घालण्यात अर्थ नाही. मूठ हस्तिदंताची असती, तर देशातल्या देशातही तिची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. म्हशीच्या शिंगाला ती अडचण नाही. शिवाय चाकू हातातल्या पिशवीत घेऊन विमानात बसता येत नाही, हे सांगण्याची गरज नसावी.

पलीकडचा

मुद्दा मान्य. छायाचित्रे दाखवीन, चाकू नाही.

जुनीपेटी

अकरा दिवसांनी पुन्हा लिहीत आहे. सहाव्या दिवशी मोठे पाते केसभर हलले आणि नवव्या दिवशी पूर्ण उघडले. उघडताना कमानीचा ‘टक्’ असा आवाज झाला, तो ऐकून स्वयंपाकघरातून हाक आली की काय मोडले.

पाते पुसल्यावर जे दिसले ते असे. मोठ्या पात्याच्या बुडाशी, सांध्यात लपणाऱ्या भागावर, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघांची जाळी आहे. एका बाजूला ती ठळक आहे, दुसऱ्या बाजूला पुसट. नखाची खाच सरळ आहे, लहान पात्यावरची मात्र चंद्रकोरीसारखी वळलेली आहे. लहान पात्याच्या टोकाकडचा सेंटिमीटरभर भाग खरोखरच खोलगट आहे, मोडीवाचकांना दंडवत. आणि बॅटरीच्या तिरप्या उजेडात लहान पात्याच्या बुडावर तीन इंग्रजी अक्षरे उमटली, ई, एल आणि डी. त्यांच्या आधीचे सारे झिजलेले आहे.

निसणा

रेघांची ती जाळी म्हणजे कानशीचे दाते! मोठे पाते मूळचे नव्हेच. कोणा लोहाराने किंवा शिकलगाराने जुन्या कानशीतून ते घडवले आहे. कानशीचे पोलाद कडक आणि उत्तम असते, म्हणून असे करण्याची रीत जुनी आहे. दिसणारा भाग त्याने घासून साफ केला आणि सांध्यात लपणारा तसाच सोडला. आता सारे जुळते. खाच सरळ आहे, कारण ती ठशाने नव्हे, तिकोनी कानशीने पाडली. खिळ्याचे डोके दिसते, कारण पाते बदलताना जुना खिळा काढून नवा ठोकला. आणि शिक्का नाही, कारण लोहाराला शिक्का मारायचे काही कारणच नव्हते.

मोडीवाचक

कानशीच्या पात्याला कानशीनेच खाच पाडली, हे वाचून बरे वाटले.

लीड्सकर

अक्षरांवरून ‘शेफील्ड’ हा तर्क कोणीही करील, मीही करतो, परंतु दुसऱ्यांच्या मालावर शेफील्डचे नाव मारण्याचा धंदा इतका बोकाळला होता की ब्रिटनला १८८७ साली व्यापारी खुणांचा कायदा करावा लागला, आणि हिंदुस्थानात तसाच कायदा १८८९ साली आला. जर्मन मालाबद्दलच्या तक्रारी त्यामागे मोठ्या प्रमाणावर होत्या. तेव्हा ‘शेफील्डचा, किंवा तसे म्हणवून घेणारा’ असे लिहावे. शिंग, जर्मन सिल्व्हर, बेमालूम खिळा आणि वळलेली खाच ही सारी लक्षणे एकत्र पाहता माझा कल पहिल्या बाजूला आहे. काळ एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध ते विसाव्याची पहिली दोन-तीन दशके, याहून अरुंद पट्टा मी सांगणार नाही.

चकाचक

हा चाकू बफिंगला दिला असता, तर कानशीचे दाते आणि ती तीन अक्षरे दोन्ही गेली असती, हे मान्य करतो.

जुनीपेटी

काल रविवारी आत्याकडे गेलो आणि चाकू काही न बोलता तिच्या हातात ठेवला. तिने तो उघडला नाही, प्रथम अंगठ्याने ते वर आलेले खिळ्याचे डोके चाचपले, मग म्हणाली, “हे मेलं अजून टोचतंच आहे.” अण्णांनी, म्हणजे आजोबांनी, रॉकेलच्या डब्याचे झाकण उचकटताना मोठे पाते मोडले होते आणि वरच्या आळीच्या लोहाराने नवे करून दिले होते. खिळा टोचतो म्हणून अण्णांनी तो परत नेला, तर लोहार म्हणाला, आणखी घासला तर पाते सुटेल. त्यानंतर अण्णा चाकू त्या बाजूने धरायचे नाहीत. मूळ चाकू कोठून आला, हे तिला आठवत नाही.

खिळा तसाच ठेवतो आहे. लहान पात्याचे डुलणेही तसेच राहील. पत्र्यांवरचा हिरवा थर काडीने जेवढा निघाला तेवढा काढला आणि मुठीला मेण लावले. मोडीवाचक, बोरू कोणत्या कोनात तासतात, ते कृपया लिहाल का? पहिले दोन मी मोडले.

मोडीवाचक

आधी लांब तिरका काप घ्या, मग टोक पाटावर टेकवून एकाच दाबात छाटा. देवनागरी आणि मोडीसाठी टोकाची तिरकी बाजू इंग्रजी लेखणीच्या उलट लागते. आजोबांचे उरलेले बोरू पेटीत असतील, तर त्यांतला एक समोर ठेवूनच तासा.

जुनीपेटी

आहेत, तीन. उद्या एक समोर ठेवतो.